न्यूपोर्टचं कपाट आणि त्याला चिकटवलेल्या थापा

लाकूडकामाचे फोटो टाकणाऱ्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत गडद तांबूस कपाटाचा फोटो असतो. खाली लिहायचं टेबल, वर पुस्तकांची दारं आणि दर्शनी भागावर कोरलेले नऊ शिंपले. मजकूर साधारण असा: अमेरिकेत इंग्रजांच्या काळात न्यूपोर्ट गावी टाउनसेंड आणि गोडार्ड ही सुतारांची दोन धर्मनिष्ठ कुटुंबं होती. गावाजवळच्या जंगलातलं एक झाड घ्यायचं आणि त्यातून एकाच कारागिरानं अख्खं कपाट घडवायचं. खिळा नाही, सरस नाही. पैशाचा मोह नव्हता, म्हणून कोणी नावही टाकलं नाही. विद्या बापाकडून मुलाकडे जायची आणि कुटुंबाबरोबरच ती संपली. आज तसं कोणाच्याही हातून होत नाही, म्हणून तर ते कपाट सव्वा कोटी डॉलरला गेलं.

लिलाव खरा आहे. जून १९८९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावघरात हे सुमारे साडेनऊ फूट उंचीचं कपाट १ कोटी २१ लाख डॉलरला विकलं गेलं. फर्निचरला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत. काम जॉन गोडार्डचं मानलं जातं आणि ते बनवलं होतं शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातला व्यापारी निकोलस ब्राऊन याच्यासाठी. इथपर्यंत तक्रार नाही. पुढचं एकेक वाक्य मात्र तपासलं की निसटतं.

सुरुवात त्या ‘जवळच्या जंगला’पासून करू. कपाट महोगनीचं आहे, आणि न्यूपोर्ट ज्या ऱ्होड आयलंड वसाहतीत होतं तिथल्या थंडीत महोगनी उगवत नाही. ती जहाजानं यायची, जमैकाहून, क्यूबाहून, होंडुरासच्या आखाताकडून. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेनं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींच्या लाकडावरची आयात जकात उठवली आणि या व्यापाराला जोर आला. १७६०च्या दशकापर्यंत जमैकातली सहज हाताशी येणारी झाडं बरीचशी तुटून गेली होती, मग कुऱ्हाडी होंडुरासकडे वळल्या. तिथे झाडं शोधायला एक खास माणूस असायचा. उंच झाडावर चढून तो पानांच्या रंगावरून दूरची महोगनी हेरायचा. बाकीची टोळी ती तोडायची, ओंडके नदीपर्यंत ओढायची आणि पावसाळ्यात पुराबरोबर समुद्राकडे सोडायची. हेरणारा, तोडणारे, ओढणारे, सगळे आफ्रिकेतून आणलेले गुलाम किंवा त्यांची मुलं.

या फर्निचरचं रूपही त्याच लाकडावर उभं आहे. न्यूपोर्टच्या कपाटाचा दर्शनी भाग तीन पट्ट्यांत आतबाहेर होतो: कडेचे दोन फुगीर, मधला खोलगट. हा आकार वाकवून आणलेला नसतो, जाड फळी कोरून काढलेला असतो. रुंद, जाड, सरळ रेषांची आणि सुकल्यावर फारशी न वळणारी फळी मिळाली नसती तर ही शैली कागदावरच राहिली असती. मागची पाठ, खणांच्या बाजू आणि तळ, म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणारं सगळं, मात्र चेस्टनट, पाइन, ट्युलिप पॉप्लर अशा स्थानिक लाकडाचं. एका कपाटात तीन-चार जातींचं लाकूड सहज सापडतं. अखंड झाडाची गोष्ट इथेच संपते. उलट आतलं लाकूड कुठलं आहे यावरूनच कपाट बॉस्टनचं की न्यूपोर्टचं, याचा अंदाज जाणकार बांधतात.

मजकुरात गिऱ्हाइकाचं नाव कधीच नसतं, आणि मला तेच जास्त खटकतं. निकोलस ब्राऊन आणि त्याचे तीन भाऊ जॉन, जोसेफ आणि मोझेस यांच्या कंपनीनं १७६४ मध्ये ‘सॅली’ नावाचं जहाज आफ्रिकेला पाठवलं. एसेक हॉपकिन्स हा कप्तान. १९६ माणसं विकत घेतली गेली, त्यांतली किमान १०९ मेली. मोझेस पुढे क्वेकर या साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेला आणि गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. जॉन मात्र शेवटपर्यंत त्या धंद्याची बाजू घेत राहिला. शिंपल्यांच्या कपाटाचा काळ हाच, घरही हेच. गुलामांच्या बदल्यात द्यायची रम घेऊन आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजांत अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर ऱ्होड आयलंडचा नंबर पहिला होता. कपाट सुंदर आहे, यात वाद नाही. पण ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ ही विशेषणं त्याच्या फोटोखाली कोणी लावली की मला हा हिशेब आठवतो.

आता पैशाच्या मोहाबद्दल. टाउनसेंड आणि गोडार्ड क्वेकर होते, हे खरं. साधेपणा हा त्यांच्या पंथाचा नियम होता, हेही खरं. पण क्वेकर म्हणजे संन्यासी नव्हेत. न्यूपोर्टचे कितीतरी बडे व्यापारी क्वेकरच होते. १७६३ च्या एका पत्रात जॉन गोडार्ड गिऱ्हाइकाकडच्यांना कळवतो की फुगीर दर्शनी भागाचं कपाट शोभिवंत आहे, पण महागही आहे. ही सरळ दुकानदाराची भाषा झाली. शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये तर सुतारांनी १७५०च्या दशकात एकत्र बसून दर ठरवले आणि कागदावर उतरवले: मेपलचं टेबल इतक्याला, अक्रोडाचं इतक्याला, महोगनीचं इतक्याला. न्यूपोर्टच्या कारखान्यांचा बराचसा धंदा शिंपल्यांचा नव्हताच. साधी टेबलं, खुर्च्या, लिहायची मेजं बनवायची आणि दक्षिणेकडच्या वसाहतींत आणि वेस्ट इंडीजमध्ये विक्रीला जहाजावर चढवायची, हे रोजचं काम. हा माल वापरात झिजला, दमट हवेत सडला, वाळवीनं खाल्ला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जपलेले मोजके नग उरले. तेवढेच बघून ‘त्या काळी सगळंच असं टिकाऊ बनायचं’ म्हणणं म्हणजे रायगड बघून शिवकाळात सगळेच गडावर राहायचे असं म्हणण्यासारखं आहे.

नाव न टाकण्याचं म्हणाल, तर जॉन टाउनसेंडनं आपल्या कामावर कागदी चिठ्ठ्या डकवल्या आहेत, नाव, गाव आणि सालासकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १७६५ सालचा त्याचा खणांचा नग आहे. अनेक नग बिननावाचे आहेत, हे खरं. पण त्याला विनय हे कारण असेलच असं नाही. ठरावीक गिऱ्हाइकाला दुकान माहीत असायचंच, चिठ्ठी कोणासाठी लावायची?

खिळा नाही, सरस नाही, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. खणांचे कोपरे डोव्हटेल सांध्याचे, म्हणजे पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवलेले आहेत आणि ते अप्रतिम आहेत. पण पाठीच्या फळ्या आणि खणांचे तळ लोहाराच्या खिळ्यांनी ठोकलेले असतात. पायांना आतून लाकडी ठोकळे सरसानं चिकटवलेले असतात. ज्यांच्यासाठी हा मजकूर हळहळतो ते उठावदार शिंपलेसुद्धा कितीतरी नगांवर वेगळे कोरून सरसानंच बसवले आहेत. पितळी मुठी बहुतेक इंग्लंडहून यायच्या. आणि ‘एकच कारागीर’? कारखान्यात मालक, शिकाऊ मुलं, रोजावरचे कारागीर असे सगळे असायचे. फिलाडेल्फियात तर कोरीव काम करणारा, कातारी, गादीकाम करणारा हे वेगवेगळे धंदे होते. दक्षिणेत चार्ल्सटनला टॉमस एल्फच्या कारखान्यात गुलाम सुतार काम करत.

बापाकडून मुलाकडे, हे अर्धं खरं आहे. गडबड अशी की आपण ते बलुतेदारीच्या चष्म्यातून वाचतो: सुताराचा मुलगा सुतार, बाहेरच्याला शिरकाव नाही. जॉन गोडार्ड टाउनसेंडांच्या घरात जन्मलेला नव्हता. तो जोब टाउनसेंडकडे शिकाऊ म्हणून राहिला आणि १७४६ मध्ये त्याच्या हॅना नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्याच्या भावानं दुसऱ्या मुलीशी केलं. म्हणजे दोन कुटुंबं जोडली गेली ती करारानं आणि सोयरिकीनं. जवळजवळ सगळे ईस्टन्स पॉइंट या एकाच वस्तीत, धक्क्याच्या अंगाला राहायचे. लाकूड तिथेच उतरायचं, माल तिथूनच चढायचा. मुख्य म्हणजे तो आकार कोणाचं घरचं गुपित नव्हता. आतबाहेर होणारा दर्शनी भाग बॉस्टनमध्ये आधीच होता. जोब कोइट आणि त्याच्या मुलाची सही असलेला तिथला नग १७३८ चा आहे. न्यूपोर्टवाल्यांनी पट्ट्यांच्या माथ्यावर शिंपला बसवला आणि त्याचं सोनं केलं.

विद्या कुटुंबाबरोबर संपली, हेही नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, डिसेंबर १७७६ ते ऑक्टोबर १७७९, न्यूपोर्ट ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं. सरपणासाठी घरं पाडली गेली, व्यापारी पांगले, बंदर बसलं. जॉन गोडार्ड १७८५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेतून देणीसुद्धा भागत नव्हती. सव्वा कोटीच्या कपाटाच्या कर्त्याची ही अखेर. पण त्याच्या स्टीफन आणि टॉमस या मुलांनी दुकान पुढे चालवलं आणि जॉन टाउनसेंड १८०९ पर्यंत जगला. त्यांनी शिंपले कोरणं सोडलं, कारण गिऱ्हाइकाला आता सडपातळ पायांचं, पातळ जडावकामाचं नव्या फॅशनचं फर्निचर हवं होतं. ते त्यांनी तितक्याच सफाईनं बनवून दिलं.

राहिलं ‘आज कोणालाच जमत नाही’. जुन्या पद्धतीचं काम जाणकार फसतील इतकं हुबेहूब करणारे आपल्या काळातही झाले आहेत. ऱ्होड आयलंडचाच आर्मंड लामोंटेन हा शिल्पकार. १९६९ मध्ये त्यानं सतराव्या शतकातल्या ब्रूस्टर पद्धतीची, दांड्यांची एक खुर्ची बनवली, ती झिजवली, जुनी केली आणि सोडून दिली. हातोहात फिरत ती १९७० मध्ये हेन्री फोर्ड म्युझियमनं ९,००० डॉलरना अस्सल समजून विकत घेतली. १९७७ मध्ये भांडं फुटलं. खुर्चीची भोकं त्यानं ड्रिलच्या आधुनिक बिटनं पाडली होती आणि एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसलं. म्युझियमनं खुर्ची टाकली नाही, बनावट कशी ओळखायची ते दाखवायला ठेवून घेतली.