‘पहिली एलपी तीच खरी’? किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमपुरतं तरी हे साफ चूक आहे

जुन्या रॉक अल्बमची नवी डिलक्स आवृत्ती आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: रिमास्टर म्हणजे जुन्याच गाण्यांचा आवाज वाढवून केलेली विक्री. खरा आवाज फक्त त्या काळच्या पहिल्या एलपीत. मिक्स बदलणं म्हणजे इतिहासात ढवळाढवळ. सोबतच्या जादा डिस्क म्हणजे स्टुडिओतला केरकचरा. आणि हा सगळा खटाटोप कंपनीचा गल्ला भरायला. उदाहरण म्हणून पुष्कळदा किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ या पहिल्या अल्बमकडे बोट दाखवलं जातं. अल्बम 1969 चा, आणि 2004, 2009, 2019, 2020 असा पुन्हापुन्हा बाजारात आलेला. म्हणजे लुटीचा पुरावा आयताच मिळाला, असं लोकांना वाटतं.

पण त्यांनी निवडलेलं उदाहरणच त्यांच्या विरोधात जातं. या अल्बमच्या टेपांचं पुढे काय झालं हे ठाऊक असलेला माणूस यातलं एकही वाक्य जसंच्या तसं लिहिणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘रिमास्टर म्हणजे फक्त आवाज वाढवलेला’

ही शंका हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करायला हवं. नव्वदच्या दशकापासून सीडी जितकी जोरात वाजेल तितकी चांगली, अशी स्पर्धाच लागली होती. हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून सगळंच एका पातळीवर आणलं जायचं. इगी पॉपने 1997 मध्ये ‘रॉ पॉवर’ नव्याने मिक्स केला तेव्हा तो इतका वरच्या पातळीवर नेला की आवाज फाटतो. आपल्याकडचा अनुभव तर त्याहून वाईट. जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘रिव्हायव्हल’ कॅसेटी ज्यांनी ऐकल्यात त्यांना आठवत असेल: मूळ गाण्यावर नवा ठेका आणि नवी वाद्यं चढवलेली. त्या कॅसेटींनी पोळलेला श्रोता ‘नवी सुधारित आवृत्ती’ हे शब्द वाचताच सावध होणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

पण रिमास्टर आणि रिमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्यांची सरमिसळ झाली आहे. गाणं ध्वनिमुद्रित होतं ते अनेक ट्रॅकांच्या टेपवर: ड्रम्स एकीकडे, गाणाऱ्याचा आवाज दुसरीकडे, बासरी तिसरीकडे. ते ट्रॅक एकत्र करून दोन ट्रॅकांची स्टिरिओ टेप बनवणं म्हणजे मिक्स. त्या तयार स्टिरिओ टेपवरून एलपी किंवा सीडी काढण्याआधी पातळी, खर्ज-तीव्र वगैरे नीट बसवणं म्हणजे मास्टरिंग. रिमास्टर करणारा त्या स्टिरिओ टेपच्या मागे जाऊ शकत नाही. रिमिक्स करणारा थेट मूळ ट्रॅकांपर्यंत जातो. या अल्बमच्या बाबतीत 2004 ची आवृत्ती रिमास्टर आहे, तर 2009 आणि 2019 च्या आवृत्त्यांत नवं मिक्स आहे. आवाज वाढवण्याचा आरोप करायचा तर आधी यातल्या नेमक्या कुठल्या आवृत्तीबद्दल बोलतोय हे सांगावं लागेल.

‘खरा आवाज फक्त पहिल्या एलपीत’

सगळ्यात जोरात सांगितला जाणारा मुद्दा हा, आणि सगळ्यात कच्चाही हाच.

अल्बम मुद्रित झाला 1969 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, लंडनच्या वेसेक्स साउंड स्टुडिओत. मूडी ब्लूजचे निर्माते टोनी क्लार्क यांच्याबरोबर सुरुवात झाली होती, पण ते जमलं नाही आणि पोरांनी निर्मिती स्वतःच्या हातात घेतली. पोरंच म्हणायची. गिटार वाजवणारा रॉबर्ट फ्रिप तेव्हा 23 वर्षांचा होता, गायक ग्रेग लेक 21 चा. यंत्र आठ ट्रॅकांचं. इयन मॅकडॉनल्डला मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या, ऑर्गनसारख्या वाद्याचे थरावर थर चढवायचे होते, शिवाय बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, व्हायब्राफोन हे सगळंही तोच वाजवणार. आठ ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर कमी ट्रॅकांत उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. म्हणजे शेवटचं मिक्स होण्याआधीच काही वाद्यांची एक कॉपी झालेली होती.

मग आली खरी अडचण. ज्या यंत्रावर अंतिम स्टिरिओ मिक्स उतरवलं त्याचं एक हेड (टेपवर आवाज उमटवणारा भाग) नीट जुळवलेलं नव्हतं. परिणामी वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांची धार गेली आणि काही ठिकाणी नको असलेली फाट आली, विशेषतः ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मध्ये. हे लक्षात आल्यावर दोष शक्य तितका झाकणारी एक दुरुस्त कॉपी तयार केली गेली. मूळ स्टिरिओ मास्टर कपाटात गेली आणि पुढे हरवली. त्यानंतरची तीसहून अधिक वर्षं एलपी, कॅसेट, सीडी निघत राहिल्या त्या कॉपीवरून, आणि पुष्कळदा कॉपीच्याही कॉपीवरून. मूळ मास्टर सापडली ती थेट या शतकात, आणि तिच्यावरून सायमन हेवर्थ यांनी केलेलं रिमास्टर 2004 मध्ये आलं.

आता ‘पहिल्या एलपी’चं बोलू. ती कापताना समोर दोनच गोष्टी असू शकत होत्या: हेडचा दोष असलेली मूळ टेप, नाहीतर दुरुस्त केलेली कॉपी. यातल्या कशालाही ‘वादकांनी वाजवलं तसंच्या तसं’ म्हणता येत नाही. पहिल्या एलपीला संग्राहकाच्या दृष्टीने मोल आहे, ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून आहे, हातात धरण्याचा आनंद तर आहेच. पण आवाजाच्या अस्सलपणाचा दावा तिच्या नावावर करता येणार नाही.

कॉपी म्हटल्यावर तोटा किती, असंही विचारलं जातं. अॅनालॉग टेपची तशाच टेपवर कॉपी केली की टेपची स्वतःची सरसर साधारण 3 डेसिबलने वाढते, आणि प्रत्येक पिढीला ती थोडी थोडी वाढतच जाते. शिवाय दर वेळी बारीक आवाजांच्या कडा झिजतात. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शेवटी आकडे ओळखीचे वाटतात पण वाचता येत नाहीत, तसं हे आहे. ऐंशीच्या दशकातली सीडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ‘स्किझॉइड मॅन’चा मधला भाग लावून बघावा. सगळी वाद्यं एकदम, एकाच वेळी, तुटक तुटक सुरावटी फेकतात आणि मध्ये कडक थांबतात. त्या थांबण्यातच सगळी गंमत आहे. जुन्या कॉपीत त्या क्षणी टेपची सरसर वर येते, त्यामुळे थांबणं बोथट होतं. नव्या मिक्समध्ये तिथे खरोखरची शांतता आहे, आणि ड्रमर मायकल जाइल्सचा पुढचा फटका शून्यातून येतो.

‘मिक्स बदलणं म्हणजे इतिहासात ढवळाढवळ’

इथे विरोधकांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो त्यांनी सहसा मांडलेलाच नसतो. 2009 च्या नव्या मिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’ छोटं केलं. मूळ गाणं बारा मिनिटांचं. सुरुवातीचं गाणं संपल्यावर गिटार, व्हायब्राफोन आणि ड्रम्स अगदी हळू आवाजात एकमेकांना चाचपत राहतात. त्यातली काही मिनिटं फ्रिप आणि नवं मिक्स करणारा ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी कापली. माझ्या मते ही चूक होती. तो भाग रेंगाळतो हे खरं, पण त्या रेंगाळण्यातून बाहेर पडल्यावरच शेवटच्या गाण्याचे ड्रम्स आणि मेलोट्रॉन अंगावर येतात. आधीची वाट कमी केली की तो परिणामही कमी होतो. मात्र त्याच संचात ‘मूनचाइल्ड’ संपूर्ण लांबीचंही दिलं आहे आणि 2004 चं रिमास्टरही जोडीला आहे. जुनं काढून त्या जागी नवं दडपलेलं नाही. ढवळाढवळ तेव्हा होते जेव्हा जुनं मिळेनासं होतं.

आणि नव्या मिक्सची गरज का होती? कारण स्टिरिओ टेपवर आलेला हेडचा दोष आठ ट्रॅकांच्या टेपवर नव्हताच. विल्सन त्या टेपांपर्यंत गेला. इतकंच नाही, तर ट्रॅक एकत्र करण्याआधीच्या टेपा जुळवून घेतल्या, म्हणजे जी वाद्यं 1969 च्या मिक्समध्येही कॉपी होऊन आली होती ती आता पहिल्या पिढीतली ऐकू येतात. फ्रिप स्वतः या कामात होता. हे काम वादकांच्या पाठीमागे झालेलं नाही.

फरक कुठे कळतो हे सांगायचं तर मी ‘एपिटाफ’ घेईन. मेलोट्रॉन हे वाद्य दिसायला ऑर्गनसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली एक टेपचा तुकडा असतो, त्यावर व्हायोलिनचा ताफा किंवा बासरी असं काहीतरी आधीच मुद्रित केलेलं. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकायला लागते, आठेक सेकंदांत संपते, सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. त्यामुळे सूर कधीच अगदी स्थिर राहत नाही, किंचित डुलतो. मॅकडॉनल्डने असे थर एकावर एक लावले. जुन्या सीडीवर त्यांची मिळून एक करडी भिंत होते, भव्य पण एकसंध. नव्या मिक्समध्ये वेगवेगळे थर वेगवेगळे डुलताना ऐकू येतात आणि त्यांच्या मधून ग्रेग लेकचा आवाज वाट काढतो. मधल्या भागात क्लॅरिनेटच्या खर्जातल्या ओळी आहेत. कित्येक वर्षं हे गाणं प्रेमाने ऐकलेल्या माणसांनाही त्या तिथे आहेत हे ठळकपणे जाणवत नव्हतं. त्या कुणी नव्याने चढवलेल्या नाहीत. त्या 1969 मध्येच वाजवल्या गेल्या होत्या. ‘रिव्हायव्हल’ कॅसेट आणि हे काम यांतला फरक एवढाच, पण तो जमीन-अस्मानाचा आहे.

‘जादा डिस्क म्हणजे केरकचरा’

एखाद्या बँडने वीस वर्षं एकत्र वाजवलं असेल तर त्याच्या सरावाच्या टेपा बाजूला ठेवता येतील. हा ताफा वर्षभरही टिकला नाही. जानेवारी 1969 मध्ये फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात सराव सुरू झाला. एप्रिलमध्ये लंडनच्या स्पीकइझी क्लबमध्ये पहिला कार्यक्रम. 5 जुलैला हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी, लाखोंच्या गर्दीसमोर. 10 ऑक्टोबरला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. डिसेंबरच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधला कार्यक्रम झाला आणि मॅकडॉनल्ड व जाइल्स बाहेर पडले. ही पाच माणसं एकत्र असतानाचा हा एकमेव अल्बम. म्हणून त्या वर्षातलं जे काही टेपवर उरलंय ते मोलाचं आहे.

हाइड पार्कची टेप ऐकायला वाईट आहे, हे स्पष्ट सांगतो. आवाज चिरका, तोल बिघडलेला. तरीही, अल्बम यायला तीन महिने असताना, ज्यांनी ही गाणी कधी ऐकलेलीच नाहीत अशा गर्दीसमोर ‘स्किझॉइड मॅन’ कसं फुटलं असेल ते तिथेच कळतं. आणि स्टुडिओतले सराव: ‘एपिटाफ’ची गायनाशिवायची साथ 2009 च्या संचात आहे. ती ऐकताना जाइल्स गाण्याच्या ओळींभोवती किती मोजकं वाजवतो ते दिसतं. ड्रम्स शिकणाऱ्या कुणाही मुलाला मी हा ट्रॅक आधी देईन. याला केरकचरा म्हणणाऱ्याने तो पूर्ण ऐकला आहे का, हा माझा सरळ प्रश्न आहे.

मात्र 2020 मध्ये आलेला 26 डिस्कचा ‘द कम्प्लीट 1969 रेकॉर्डिंग्ज’ हा संच सगळ्यांसाठी नाही. एकाच गाण्याचे प्रयत्नावर प्रयत्न ऐकायची ज्याला ओढ आहे त्याने घ्यावा. बाकीच्यांना गरज नाही, आणि तो न घेतल्याने कुणी कमी रसिक ठरत नाही.

‘सगळं कंपनीच्या गल्ल्यासाठी’

थोडक्यात. किंग क्रिमसनची जुनी व्यवस्थापन कंपनी ईजी आणि फ्रिप यांचा वाद नव्वदच्या दशकात वर्षानुवर्षं चालला. फ्रिपने 1992 मध्ये डेव्हिड सिंगल्टनबरोबर डीजीएम ही स्वतःची कंपनी काढली, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क कलाकारांकडेच राहावेत हे तिचं जाहीर धोरण आहे. या नव्या आवृत्त्या तिथूनच आल्या आहेत. पैसे मिळत नाहीत असं मी म्हणत नाही. पण वादक स्वतःच्या टेपा स्वतः सांभाळून विकतोय याला लूट म्हणणं अन्यायाचं आहे. मुखपृष्ठाचं मूळ चित्रही असंच वाचलं. बॅरी गॉडबर या संगणक प्रोग्रॅमरने ते काढलं आणि अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1970 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. ते चित्र ईजीच्या कचेरीत लख्ख उजेडात टांगलेलं होतं. रंग उडतील म्हणून फ्रिपने ते तिथून काढून स्वतःकडे नेलं.

ज्यांच्याकडे जुनी एलपी किंवा सीडी आहे त्यांनी ती अजिबात काढून टाकू नये. उलट 2009 चा दोन डिस्कचा संच कुणाकडून तरी मागून आणावा, दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतपत बसवून घ्यावा (हे न करता केलेली तुलना फुकट, कारण जे जोरात वाजतं ते कानाला नेहमीच सरस वाटतं) आणि ‘एपिटाफ’ सुरुवातीच्या टिंपनीपासून शेवटपर्यंत एकापाठोपाठ एक लावावं. पुढचा मजकूर पाठवायचा तर त्यानंतर पाठवावा.