गाव होतं ते!

सकाळी फोनवर एका बिल्डरची जाहिरात आली. माझगावातल्या टॉवरची. 'कालपर्यंत इथे फक्त गोदामं होती.' दिवसभर तेच वाक्य डोक्यात ठणकतंय.

फक्त गोदामं? अरे, मुंबईच्या सात बेटांतलं एक बेट होतं हे! कोळ्यांचं, भंडाऱ्यांचं, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्यांचं. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च मूळ इथलं, १६३२चं. इथली आंब्याची झाडं वर्षातून दोनदा फळायची. १६९० मध्ये सिद्दी याकूतखानानं इथला किल्ला पाडला, गाव तरीही राहिलं.

माझी आजी फोर्टला निघाली की म्हणायची, "कोटात जाऊन येते." परतली की उंबऱ्यातच, "आले गं बाई गावात." मी सात-आठ वर्षांची असताना तिनं मला भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेत नेलं. गोदीतल्या क्रेनांकडे बोट करून म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, त्याच्या कितीतरी अलीकडे पाणी होतं."

ते पाणी आपणहून मागे गेलं नाही. १७७४ मध्ये छोटी गोदी झाली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, मग भरावावर भराव. शहराला बंदर हवं होतं, किनारा गेला आमचा. विचारलं कुणी?

हो, आजोबांचा पगार गोदीतलाच. त्यावरच आमचं घर चाललं. मान्य. म्हणून आधीचं सगळं पुसायचं?

रागारागात जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. म्हटलं, म्हातारपाखाडीची जुनी वस्ती माहीत आहे का? तुमच्या टॉवरजवळच आहे. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा तिथले, टेकडीवरच्या बागेला त्यांचंच नाव आहे. पलीकडचा मुलगा गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." आवाजावरून विशीतला असेल. त्याच्यावर काय ओरडणार? त्याला हे सांगणारं कोणी भेटलंच नसेल. मला आजी होती.

शेवटच्या आजारपणात ती परळला हॉस्पिटलमध्ये होती. घरापासून टॅक्सीनं असं कितीसं लांब ते! पण रोज संध्याकाळी माझा हात धरून विचारायची, "गावाला कधी नेतेस?" एकदा नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कोकणातल्या का तुम्ही?"