फोटोनं खातं रिकामं होत नाही, फोन फॉर्मेट मारू नका

“सुप्रभातच्या फोटोत व्हायरस आहे. उघडताच फोन कायमचा बंद पडतो, बँकेचं खातं साफ होतं. फोन लगेच फॉर्मेट करा, वीस जणांना कळवा.” हा मेसेज गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. आमच्या मोठ्या बाबांचा फोन नेमका तेव्हाच अडकला. त्यांनी घाबरून तालुक्याला नेऊन फॉर्मेट मारून आणला. नाल्याच्या पुरानं खरडलेल्या वावराचे, आडव्या झालेल्या पऱ्हाटीचे फोटो त्यात होते, तलाठ्याला दाखवायला ठेवलेले. सगळे गेले. आता ती पऱ्हाटी परत कुठून आडवी पाडायची?

फोटोनं फोन अडकतो, हे खरं आहे. चित्राची फाइल दाबून लहान केलेली असते, दाखवताना ती पूर्ण उलगडावी लागते. ३०,००० बाय ३०,००० ठिपक्यांचं एकरंगी चित्र पीएनजी या फाइलप्रकारात दीडशे केबीतही मावतं. उलगडताना ठिपक्यामागे ४ बाइट धरले, तर ३.६ जीबी मेमरी लागते. स्वस्तातला फोन तिथंच बसतो. ॲप बंद पडतं, फार तर फोन रिस्टार्ट होतो.

“कायमचा बंद” म्हणाल, तर त्यालाही थोडा आधार आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका तळ्याचा सुंदर फोटो वॉलपेपर म्हणून लावला, की अँड्रॉइड १० चे कित्येक फोन सारखे बंद-चालू होत राहायचे. सिस्टिम प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजून ० ते २५५ च्या खणांत टाकायची. त्या फोटोच्या वेगळ्या रंगपद्धतीमुळे उजेडाचा आकडा २५५ च्या वर गेला. त्या आकड्याला खणच नव्हता, म्हणून सिस्टिम कोसळायची. चालू झाली की तोच वॉलपेपर पुन्हा समोर! काहींना फोन रिसेट करावा लागला, हे मान्य. पण तो वॉलपेपर लावल्यावर. फोटो नुसता पाहून कुणाचा फोन गेला नाही, आणि पैसा तर कुणाचाच गेला नाही.

ज्याचा फोन चालू आहे, त्यानं फॉर्मेट का मारावा? फट, म्हणजे चूक, असते ती चित्र उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. फॉर्मेट मारल्यावर तेच जुनं सॉफ्टवेअर परत येतं, जातात फक्त तुमचे फोटो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या सॉफ्टवेअरमध्ये याहून वाईट फट सापडली, चित्रातून परका कोड चालवता येईल अशी. तिच्यावरही इलाज अपडेट हाच होता. तेव्हा अपडेट करा, अडकवणारा फोटो तेवढा काढा, बाकीच्यांना हात लावू नका.

खाती रिकामी होतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेनं. लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, येते. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी चोराच्या हातात. फाइलच्या नावाशेवटी एपीके दिसलं, तर बोटच लावू नका. त्या सुप्रभातवाल्या मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. पैसे गेलेच, तर वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.