मी मुलांसाठी नोकरी सोडलेली नाही

नोकरी सोडल्यापासून माझं इतकं कौतुक झालं की तेवढं इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, परवा एका मुंजीत, सगळीकडे एकच वाक्य. "बरं केलंस बाई. मुलं लहान आहेत तोवर आई घरात हवीच." बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, म्हणून मी तिथे काही बोलत नाही. इथे मात्र सविस्तर लिहिते. मुलं लहान असताना मी नोकरी सोडली, पण मुलांसाठी सोडली नाही. मला माझ्या आवडीचं काम करायचं होतं म्हणून सोडली.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. माझा नवरा वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही बरेचदा उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. म्हणजे घर माझ्या पगारावर चालत होतं. हाच निर्णय माझ्या जागी असलेल्या पुरुषाने घेतला असता तर पहिला प्रश्न आला असता, "अरे, हप्ते कसे भरणार?" मला तो कोणीही विचारला नाही. बाईने नोकरी सोडली की तिचा पगार घराला लागत होता हेच लोक विसरतात. खरं तर तो प्रश्न योग्यच आहे. कोणी विचारला नसला तरी त्याचं उत्तर द्यायला मला आवडेल, कारण माझ्यासारख्या अनेकजणी आणि अनेकजण याच विचारात अडकलेत हे मला ठाऊक आहे.

आधी कामाबद्दल. पुण्यात खराडीतल्या एका सेंटरमध्ये मी अकाउंट्स पेएबलला, म्हणजे पुरवठादारांची देणी बघणाऱ्या विभागात होते. परदेशी कंपन्यांची बिलं यायची, ती तपासून सिस्टिममध्ये चढवायची, परचेस ऑर्डरशी जुळतात का ते बघायचं आणि पुढे पाठवायची. युरोपच्या वेळेप्रमाणे दुपारची शिफ्ट. पगार चांगला, माणसं चांगली, मुलं झाली तेव्हा कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची रजा दोन्ही वेळा विनासायास मिळाली. त्या कंपनीने मला छळलं वगैरे अजिबात नाही. पण काम काय होतं ते सांगते. एक पुरवठादार सलग काही दिवस फोन करत होता. त्याचं बिल कशावर अडलंय, मी दहा मिनिटांत शोधून देऊ शकले असते. वरून उत्तर आलं की ते आपल्या स्कोपमध्ये नाही, दुसरी टीम बघेल. आमचं मोजमाप एवढंच होतं की बिल आल्यापासून किती तासांत हातावेगळं झालं. त्या माणसाचे पैसे मिळाले का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अशी हजारो बिलं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातलं एकही कोणाचं आहे असं वाटलं नाही.

मला हिशोब मनापासून आवडतो. बारावीपासून आवडतो. ताळेबंद जुळला की मला खरंच आनंद होतो. म्हणून तर त्या नोकरीत रोज जास्त त्रास व्हायचा. ज्याला हिशोबात रस नाही त्याने ती नोकरी निवृत्तीपर्यंत सुखाने केली असती.

आता पैशाचं.

आम्ही दोघं मुलं झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसायचो. वर्षभर, अधूनमधून. पहिल्या दिवशी नवऱ्याने वहीत दोन रकाने केले. एकात "पगार थांबला तर त्याच महिन्यात अडेल असं", दुसऱ्यात "पुढे ढकलता येईल असं". दुसऱ्या रकान्यात किती गोष्टी गेल्या ते बघून मला धीर आला. गाडी बदलणं, फर्निचर, सिमला, सगळं तिकडे. पहिल्या रकान्यात मोजक्या गोष्टी राहिल्या. घराचा हप्ता, आजारपण, शाळेची फी आणि किराणा. फी आणि किराणा ओढूनताणून भागवता येतात. खरा पेच पहिल्या दोघांचा.

घराच्या हप्त्याचं गणित बहुतेकांनी कधी उलगडून पाहिलेलंच नसतं. ४५ लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ३९ हजार येतो. त्यातले पहिल्या महिन्यात जवळपास ३२ हजार नुसतं व्याज. त्यामुळे बोनस आला की लोक कर्जात भरतात, आणि ते बरोबरच आहे, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला त्यासाठी दंडही लागत नाही. पण तुम्ही मध्येच जास्तीची रक्कम भरली की बँक बहुधा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. पगार चालू असणाऱ्याला ते फायद्याचं. पगार सोडणाऱ्याला मात्र मुदत नको असते, दर महिन्याचा भार हलका हवा असतो. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा, असं बँकेला लेखी सांगावं लागतं. ४० लाख बाकी असताना ८ लाख भरले तर त्याच दराने हप्ता बरोबर पाचव्या हिश्शाने उतरतो. व्याज एकूण जास्त जातं, हे खरंय. पण मला त्या घडीला श्वास घ्यायला जागा हवी होती आणि तिची किंमत मी जाणूनबुजून मोजली. आमची बरीचशी बचत इथेच गेली. नातेवाइकांनी नावं ठेवली. मला आजही ते सर्वांत योग्य पाऊल वाटतं.

दुसरं आजारपण. याबद्दल मी जरा पोटतिडकीने लिहिणार आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कर्मचाऱ्यांचा एकत्रित आरोग्य विमा, ही आपल्याला घट्ट बांधून ठेवणारी खरी दोरी आहे. धाकटीला बालदमा आहे, सासूबाईंना मधुमेह. दोघी पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पॉलिसीत होत्या, कोणी काही विचारलं नाही. नोकरी संपली की साधारणपणे शेवटच्या दिवशीच ते छत्र जातं. बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलं की आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती, २०२४ मध्ये विमा नियामकाने ती तीनवर आणली. यावर मला पटलेला उपाय असा. नोकरीत असतानाच, सोडायचा विचार पक्का नसला तरी, कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी घेऊन ठेवायची. थांबायचा काळ पगार चालू असताना निघून जातो. "कंपनीचा विमा आहे की, दोन दोन कशाला" असं मला ऑफिसमध्ये सगळे म्हणत. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा निदान कराचा बोजा हे कारण तरी आता उरलं नाही. टर्म इन्शुरन्सही, म्हणजे आपण गेलो तर घरच्यांना रक्कम देणारा विमाही, तसाच. पगाराची स्लिप हातात असताना मोठं कव्हर सहज मिळतं, नंतर उत्पन्नाचे पुरावे जमवत बसावं लागतं.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या रकमेचं, थोडक्यात. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती आपली. साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाला (महागाई भत्ता असेल तर तो धरून) २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ वेतन ४० हजार आणि नोकरी ९ वर्षं असेल तर दोन लाखांच्या थोडं वर. अनेकजण पाचव्या वर्षाच्या तोंडावर तडकाफडकी राजीनामा देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. पीएफला आम्ही हात लावला नाही. तो आमच्या म्हातारपणाचा आहे आणि त्यावर नवऱ्याचं आणि माझं क्षणात एकमत झालं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, यात स्वप्न कुठे आहे? मोबाईलवर रोज दिसतं, मनाचं ऐका, उडी मारा, वाट सापडेल. दोन लेकरं असलेल्या माणसाला असा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. उडी तुम्ही एकटे मारत नाही. धाकटीला रात्री तीन वाजता नेब्युलायझर लागतो, आणि त्या रात्री हॉस्पिटलात डिपॉझिट किती मागतील हा प्रश्न मनात असेल तर कसलंच स्वप्न सुचत नाही. पण उलट बाजूने "मुलं आहेत, आता कुठली नोकरी सोडतेस, निमूट कर" असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. मुलांना कारण करून आपण वर्षानुवर्षं न आवडणारं काम रेटतो आणि मग कधीतरी ते ओझं त्यांच्याच डोक्यावर ठेवतो. "तुमच्यासाठीच केलं सगळं." हे वाक्य माझ्या मुलांना ऐकायला लागू नये, असं मला फार वाटतं.

आता मी काय करते? छोट्या व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिते आणि जीएसटीची रिटर्न भरते. सुरुवात मार्केट यार्डातल्या गूळ-भुसार विभागातल्या एका दुकानापासून झाली. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर दोन पिशव्या ठेवल्या. एकीत बिलं, दुसरीतही बिलंच, पण "ही जरा अडलेली". शेंगदाण्याच्या टरफलांसकट ती मी टेबलावर ओतली आणि तारखेनुसार लावत बसले. अडलेल्या बिलांमधली बरीचशी एकाच पुरवठादाराची निघाली. काकांनी त्याला करासकट पैसे दिले होते, पण त्याने स्वतःचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, वेळेवर भरलंच नव्हतं. त्याने भरलं नाही की काकांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, ते बिल दिसत नाही, आणि २बी मध्ये नसेल तर काकांना त्या कराची वजावट घेता येत नाही. म्हणजे चूक दुसऱ्याची आणि पैसे यांचे अडकलेले. मी त्या पुरवठादाराला फोन लावला. मग परत लावला. शेवटी त्याच्या अकाउंटंटशी बोलले, कोणत्या महिन्यातली कोणती बिलं राहिलीत त्याची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. पुढच्या महिन्यात १४ तारखेनंतर २बी उघडलं तर बिलं आलेली. काकांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "पोरी, हे पैसे गेले असं धरून चाललो होतो मी."

स्कोपमध्ये नाही असं मला इथे कोणी सांगत नाही. फोन करायचा की नाही हे मी ठरवते, आणि फोनचं काय झालं तेही मला कळतं. मला हेच हवं होतं.

पैसे? पूर्वीच्या पगाराइतके अजून नाहीत. निम्म्याच्या वर आलेत. कामाची संख्या वाढतेय, कारण काकांनी गाळ्यागाळ्यात सांगितलं. माझ्यासारख्यांसाठी कायद्यात काही सोयी आहेत त्याही सांगते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे स्वतःला जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि हिशोबनीसाचं काम करणाऱ्याला आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली (जुन्या कायद्यातलं ४४एडीए कलम) मिळालेल्या रकमेतली निदान निम्मी उत्पन्न म्हणून दाखवून कर भरता येतो, खर्चाची पावती न पावती जपावी लागत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. लोकांच्या मते मी "मुलांसाठी घरी" आहे, त्यामुळे माझा सगळा वेळ सगळ्यांचा झालाय. गॅसवाला, प्लंबर, शेजारच्यांचं कुरिअर, शाळेचं स्नेहसंमेलन. "तू घरीच असतेस ना?" महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड, कर शून्य असेल तरी २०. तो माझ्या हातून माझ्या व्यापाऱ्याला बसतो. ऑफिसात होते तेव्हा मला महिनाअखेर आहे म्हटलं की सासूबाई सगळ्यांना गप्प करायच्या. तेच काम घरातल्या खोलीत बसून केलं की ते काम नाही असं का व्हावं? शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. सकाळची शाळा, डबे, दप्तरं आणि १ ते २० तारखेपर्यंतची संध्याकाळ त्याची. त्याचे तास दुपारी असतात, त्यामुळे जमतं. मोठा आता आधी बाबालाच विचारतो की वही कुठे आहे. "बिचारा घरचं करतो" असं म्हणणाऱ्यांना नवरा सरळ सांगतो, "ती कमावते, मी करतो, यात बिचारा काय?"

मला पुरेपूर जाणीव आहे की हे सगळ्यांना जमणार नाही. माझी जुनी मैत्रीण, त्याच फ्लोअरवरची, एकटीने मुलगा वाढवतेय आणि वडिलांचं डायलिसिस चालू आहे. तिने नोकरी सोडू नये, आणि सोडत नाही म्हणून तिला कोणी भित्री म्हणू नये. तिच्यासाठी ती नोकरी म्हणजे वडिलांचा पुढचा आठवडा आहे. पण दोघंजण कमावते असतील, निदान एकाला थोडंतरी नियमित येत असेल, आणि काम मनाला खात असेल, तर वही घेऊन बसा. राजीनाम्याची घाई नको. तसाही आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो, तो शेवटचा. त्याआधीचं वर्ष जास्त कामाचं. त्या वर्षात संध्याकाळी एखादं दुकान, एखादं काम हातात घेऊन बघा, पण आपल्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का ते आधी वाचा. मी जीएसटी प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे दुसऱ्यांची रिटर्न भरून द्यायला नोंदणी झालेल्या व्यक्तीच्या, परीक्षेचा अभ्यास त्याच काळात केला, खराडीच्या कॅबमध्ये.

हप्ता कमी करून घ्यायच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, पाठवते. फक्त उत्तर २० तारखेनंतर येईल.