कुपन नेमकं कुणाच्या वाट्याला येतं?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे किराण्याची यादी होते. आईची पद्धत मी अजून मोडलेली नाही. आधी डबे उघडायचे, डाळ तळाला गेली का ते बघायचं, साखरेचा डबा हलवून बघायचा, मग वहीत लिहायचं. गेली दोन वर्षं या यादीच्या जोडीला मी किराण्याच्या ॲपवरची सवलतीची कुपनंही वापरते आणि मनापासून वापरते. नात्यातल्या काहींना तो चिंधीपणा वाटतो. वाटू दे. एका पगारावर चार माणसांचं घर चालवताना महिन्याकाठी ४००-४५० रुपये वाचले तर गॅसचं निम्मं सिलिंडर सुटतं.

पण सुरुवातीला मी सपाटून फसले, ते आधी सांगते. एका ॲपवर माझी यादी ११८० रुपयांची झाली होती. वर हिरव्या पट्टीत लिहिलेलं, '१४९९ च्या खरेदीवर १५० रुपये सूट'. मग मी ओट्सची बिस्किटं घेतली, फळांच्या रसाचे दोन खोके घेतले, एक सॉसची बाटली घेतली. बिल झालं १५०५, सूट जाऊन १३५५, वर १५ रुपये हाताळणी शुल्क. १५० रुपये वाचले म्हणून खुशीत होते. रात्री वहीत आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं, ठरवल्यापेक्षा १९० रुपये जास्त गेले होते. सॉसची बाटली तर सहा महिन्यांनी टाकूनच दिली. शिवाय तीच तूरडाळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे १३८ रुपये किलो होती आणि ॲपवर १५२. म्हणजे सूट आधी भावात चढवायची आणि मग कुपन म्हणून परत द्यायची, असाच तो हिशेब मला वाटला.

तेव्हापासून मी पाकिटावरची मोठी अक्षरं बघतच नाही, बारीक अक्षरं बघते. पाकिटावर एमआरपीच्या आसपास ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. वजन-मापाच्या २०११ च्या नियमांत पुढे दुरुस्ती झाली आणि हा दर छापणं बंधनकारक झालं. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा दर आणि जास्त असेल तर किलोचा. त्याच दुरुस्तीत दुसरी एक गोष्ट झाली, ती फार कमी लोकांना माहीत आहे. पूर्वी चहा, तेल, साबण, बिस्किटं, डाळी अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच पॅक कराव्या लागत. ते बंधन निघालं. म्हणून आता तेलाची एक पिशवी एक लिटरची आणि शेजारची अगदी तशीच दिसणारी ८०० किंवा ८५० ग्रॅमची असू शकते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हातात घेतल्यावर फरक कळत नाही, कुपन लागलं की ती पिशवी स्वस्तच दिसते. दर वाचा, कृपा करून वाचा. चष्मा लागत असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा, मी तेच करते.

आणि कुपन लावायचं ते टिकणाऱ्या आणि आधीच यादीत असलेल्या वस्तूंना. तेल, चहा, टूथपेस्ट, कपड्यांचा साबण. भाजी-फळांना मी कधीच लावत नाही. न मागितलेली वस्तू ॲपने आपणहून कार्टमध्ये टाकली किंवा शेवटच्या पायरीला नवं शुल्क चढवलं, तर त्याला फसवणूकच म्हणायचं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांवर बंदी घातली आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

हे सगळं मी मावशींना सांगत होते. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, एकदम पंधराशेचं सामान घ्यायला पैसे कुठले? मी रोजचं रोज आणते." त्या पाव किलो डाळ ४० रुपयांना घेतात. म्हणजे किलोला १६०! मी मात्र पाच किलोच्या पिशवीवर बँकेच्या कार्डाचं कुपन लावून तीच डाळ १२३ ने आणलेली. ज्याच्या हातात कमी पैसा, त्याला किलोमागे ३७ रुपये जास्त. हे मला त्या दिवशी फार लागलं. सवलतीची ही सगळी रचना मोठी खरेदी, बँकेचं कार्ड आणि चांगला फोन असणाऱ्यांसाठीच आहे. हातावर पोट असणारं माणूस तिच्यात कुठेच बसत नाही. आपण ॲपवर ७५ रुपये वाचवल्याचे फोटो टाकतो, तेव्हा निदान एवढं तरी मनात असावं.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संस्था १९७५ पासून एकत्र खरेदी करत आली आहे. दहा-पंधरा घरांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. एकट्याला न परवडणारा घाऊक भाव सगळ्यांना मिळतो, त्यासाठी कुणाला कार्ड लागत नाही.

आम्ही मजल्यावरच्या तीन घरांनी आणि मावशींनी मिळून तीन महिन्यांपूर्वी हेच छोट्या प्रमाणात सुरू केलं. कुपन माझ्या फोनवर, पिशवी सगळ्यांची. माझ्या ओट्यावर वजनकाटा ठेवून आम्ही डाळ, तांदूळ, शेंगदाणे वाटून घेतो. मावशींचे पैसे आठवड्याला थोडे थोडे येतात, ते वहीत वेगळ्या पानावर मांडते. पहिल्या महिन्यात त्यांनी अर्धाच किलो डाळ घेतली होती, बिचकत. या वेळी त्यांनी मुलीकडून यादी लिहून आणली. वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत. पहिलीच ओळ आहे, तूरडाळ २ किलो.