कॅप्टन कुकचे तैलचित्र आणि 'नरभक्षकां'ची भाकडकथा

अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याच्या प्रसिद्ध तैलचित्राखाली चार ओळींचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. हे चित्र कुकच्या मृत्यूनंतर अंदाजाने रंगवले, त्यात त्याचे बोट ज्या ऑस्ट्रेलियावर आहे तो त्यानेच शोधला, आणि पुढे हवाईच्या नरभक्षकांनी त्याला मारून खाल्ले, असे त्यात म्हटले आहे. माझ्या भाचीने तो प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवला आणि त्याला 'छान' असा शेराही मिळाला, तेव्हा गप्प बसणे शक्य नाही.

चित्राची गोष्ट चटकन निकालात निघते. नॅथॅनिएल डान्सने ते १७७६ साली, कुक तिसऱ्या सफरीवर निघण्यापूर्वी, त्याला समोर बसवून रंगवले. कुकच्या पहिल्या सफरीतला सोबती, निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने ते करवून घेतले आणि आज ते ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आहे.

कुकच्या पुढ्यातला नकाशा दक्षिण महासागराचा आहे आणि उजवा हात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडे निर्देश करतो, हे खरे. त्या किनाऱ्याचा नकाशा कुकने १७७० मध्ये तयार केला, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. मात्र विलेम यान्सझोन हा डच खलाशी १६०६ मध्येच ऑस्ट्रेलियात उतरला होता, आणि तिथले मूळ रहिवासी तर हजारो वर्षांपासून नांदत होते.

खरा संताप येतो तो तिसऱ्या विधानाचा, कारण त्यात एका संपूर्ण समाजावर डाग लावला आहे. कुकच्या देहाचे तुकडे झाले आणि हाडांवरून मांस काढले गेले, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु हाडे वेगळी करून जपणे हा हवाईमध्ये थोर सरदाराच्या वाट्याला येणारा अंत्यसंस्कार होता. कुकच्या जहाजावरचा अधिकारी जेम्स किंग याचा वृत्तान्त १७८४ साली छापला गेला आणि तो आजही वाचायला मिळतो. कुकचे अवशेष जहाजावर परत आले ते भरपूर नव्या, तलम कापडात गुंडाळलेले आणि वरून काळ्या-पांढऱ्या पिसांच्या झुलीने झाकलेले होते, असे किंग सांगतो. त्यांत हात होते, आणि एका हातावर अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या जुन्या जखमेचा मोठा व्रण होता. १७६४ मध्ये न्यूफाउंडलंडला बंदुकीची दारू भरलेले शिंग हातात फुटून कुकला ती जखम झाली होती. त्या व्रणावरूनच ओळख पटली. चित्रात नकाशावर आहे तो हाच उजवा हात.

बाकीच्या देहाचे काय झाले, हे किंगने बेटावरच्या लोकांना वेगवेगळे गाठून आडवळणाने विचारले, आणि मांस जाळले असेच सर्वांनी सांगितले. शेवटी त्याने थेट विचारले, की तुम्ही त्यातले काही खाल्ले का? त्यावर कोणाही युरोपीय माणसाला वाटावी तितकीच शिसारी त्यांना आली आणि त्यांनी उलट विचारले, की तुमच्यात तशी रीत आहे का? कुकच्याच सहकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे, त्यामुळे पक्षपाताची शंका घ्यायलाही जागा नाही.

१४ फेब्रुवारी १७७९ रोजी, चोरीला गेलेली एक होडी परत मिळावी म्हणून, कुक सशस्त्र शिपाई घेऊन हवाईतल्या केआलाकेकुआच्या किनाऱ्यावर उतरला तो तिथला राजा कलानिओपुऊ याला जहाजावर नेऊन ओलीस ठेवण्यासाठी, आणि त्या झटापटीत तो, त्याचे चार सैनिक व अनेक हवाईवासी मेले. फिरत्या मजकुरात ना ओलीस धरण्याचा उल्लेख आहे, ना त्या मेलेल्या हवाईवासीयांचा.