'सोनेरी केळं विषारी' हा दावा टिकत का नाही

युगांडातल्या बीटा-कॅरोटीन वाढवलेल्या केळ्याबद्दल एक संदेश सतत फिरतो: 'जनुक बदललेल्या या केळ्यातून अ जीवनसत्त्व अंगात साठून विषबाधा होते. पराग उडून शेजारच्या बागा नासतात. आणि पालेभाजी असताना हे हवंच कशाला?'

आधी विषबाधा, कारण आयांना घाबरवणारा मुद्दा तोच. अंगात साठून अपाय करतं ते तयार रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं थेट वापरता येणारं रूप. यकृत, गोळ्या, औषधी डोस यांतलं. केळ्यात असतं बीटा-कॅरोटीन. त्यातून शरीर गरजेपुरतंच रेटिनॉल बनवतं. अतिच खाल्लं तर तळहात पिवळट दिसतात, पण काविळीसारखे डोळे पिवळे होत नाहीत, आणि खाणं कमी केलं की रंग जातो.

जनुकाचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या चाचण्यांत (निष्कर्ष 2017) सर्वाधिक पातळी देणारं जनुक केळ्यातलंच होतं, पापुआ न्यू गिनीच्या 'असुपिना' वाणातलं. कॅव्हेंडिश या केळीच्या वाणाच्या सुक्या गरात ग्रॅममागे 55 मायक्रोग्रॅमपर्यंत मजल गेली. लक्ष्य होतं 20.

हे 20 म्हणजे ताटात किती? मुलाने 200 ग्रॅम कच्चा गर शिजवून खाल्ला असं धरू. त्यात साधारण पाऊण भाग पाणी, म्हणजे सुका गर 50 ग्रॅम आणि कॅरोटीन 1000 मायक्रोग्रॅम. 12 मायक्रोग्रॅममागे 1 रेटिनॉल, म्हणजे सुमारे 83. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज 300. शिजवताना थोडी घट होते ती वेगळी. विष राहू दे, पुरी गरजही भागत नाही! 'एका केळ्याने प्रश्न सुटला' म्हणणारेही म्हणूनच चुकतात.

परागाची भीती केळीला लागू पडत नाही. खाण्याची केळी बहुतेक त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली), म्हणून जवळजवळ वांझ. फळ परागाविनाच धरतं. लागवड मुनव्यांनी होते, त्यामुळे कुठे चुकून बी धरलंच तरी तुमच्या बागेतलं पुढचं झाड जुन्याच वाणाचं निघतं. वाण पसरेल तो मुनवे इकडून तिकडे नेणाऱ्या हातांनी, आणि नोंद ठेवायची ती तिथे.

पालेभाजी जरूर खावी. पण लहान मूल ती दोन-चार घासच खातं, पानांतलं कॅरोटीन पेशींत अडकलेलं असल्याने कमी शोषलं जातं. मटोके, म्हणजे युगांडातलं शिजवलेलं कच्चं केळं, मात्र रोज पोटभर खाल्लं जातं.

खरी गफलत होते ती स्वयंपाकात. बीटा-कॅरोटीन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे जेवणात चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचं वाटण नसेल तर बरंचसं वाया जातं. केळीच्या पानात गुंडाळून वाफवणं चांगलं, कारण हवा कमी लागते. काप उन्हात वाळवले की उजेड आणि हवा कॅरोटीन खातात. ते सावलीत वाळवून, उजेड आत न जाणाऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.